चोडणच्या चिखलातला गोवा

गोव्याला जातोय म्हटलं की हल्ली समोरचा आधी तक्रारी ऐकवतो. गर्दी, वाळूत पडलेल्या बाटल्या, रात्रभराचा गोंगाट, टॅक्सीवरून होणारी हुज्जत. त्यातलं बरंचसं खरं आहे, मीही सोसलं आहे. पण समुद्रालगतच्या एका अरुंद पट्टीपायी सगळा गोवा बोलणी खातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. या राज्याची निम्म्याहून अधिक जमीन झाडांखाली आहे. आणि नद्या जिथे समुद्राला मिळतात तिथे जे काही चाललेलं असतं, ते बघायला फारसं कुणी जात नाही. जानेवारीत तीन दिवस मी त्यासाठीच गेलो.

रायबंदरहून उजाडायच्या आत फेरीबोटीत बसलो. मांडवी शांत होती. वर घाटाकडे हिलाच म्हादई म्हणतात. पलीकडे चोडण बेट, आणि बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. १९८८ साली घोषित झालेलं हे अभयारण्य जेमतेम १.८ चौरस किलोमीटरचं आहे. एवढ्याशा जागेत काय असणार, असं वाटतं. होडीवाल्या काकांनी मात्र आधीच सांगून ठेवलं होतं, "सुकती लागली की या. भरतीत नुसतं पाणी दिसेल."

सुकती लागली होतीच. पाणी बोट बोट उतरू लागलं आणि चिखलातून तिवर या खारफुटीच्या झाडाची मुळं वर आली. पेन्सिली उभ्या खोचाव्यात तशी, शेकड्यांनी. या चिखलात हवा जवळजवळ नसतेच, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. काकांनी एक पान पुढे केलं, "चाटून बघा." खारट! शोषलेलं जादा मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो. शेजारच्या कांदळाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं. शेवग्याच्या शेंगेसारखे लांब कोंब फांद्यांना लोंबत होते. त्यातला एखादा सुकतीला गळून पडला तर सरळ चिखलात रुततो आणि तिथेच झाड व्हायला लागतो.

चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. हा मासा पाण्याबाहेर कल्ल्यांजवळच्या परांवर रेटत चालतो. बाजूला एक नांगी भलीमोठी असलेले इवलेसे नर खेकडे माद्यांना ती हलवून दाखवत होते. मग काकांनी वल्हं थांबवलं आणि नुसतं बोट दाखवलं. फांदीवर खंड्या बसला होता, पाठ निळी-हिरवी, मानेभोवती स्वच्छ पांढरा पट्टा. खंड्याची ही जात, कॉलर्ड किंगफिशर, सुंदरबनात आणि अंदमानात सहज दिसते, पण पश्चिम किनाऱ्यावर मोजक्याच ठिकाणी भेटते. आम्ही दोघं श्वास रोखून बसलो. तो उडाला तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर माझ्याइतकाच आनंद होता. रोज बघूनही!

दुपारी बेटावरच्या खाजनाच्या बांधावरून चाललो. खाजन म्हणजे खाडीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली शेतजमीन. बांधात जागोजागी मानस असते, लाकडी झडपांचं दार. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, सुकतीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, पण झडपेला ती कुणी सांगावी लागत नाही. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले, त्याच्या कितीतरी आधीपासून इथली माणसं ही शेती करत आली आहेत. पावसाळ्यात मीठ सोसणारं कोरगुट भात, पुढे त्याच जागी मासळी.

एके ठिकाणी बांध खचला होता. आत शिरलेल्या खाऱ्या पाण्यात शेताच्या जागी खारफुटीची कोवळी झाडं उभी होती. सकाळी याच झाडांवर मी जीव ओवाळून टाकला होता, आणि इथे तीच कुणाच्या तरी बुडालेल्या भाताची खूण होती. त्या तुटक्या बांधावर मी बराच वेळ उभा राहिलो. अजूनही त्याबद्दल माझं मत पक्कं झालेलं नाही.

तिसऱ्या दिवशी काणकोण तालुक्यातल्या गालजीबागला पोचलो, पहाटे, अंधारातच. सुरूची झाडं, रुंद वाळू, दिवे जवळपास नाहीतच. ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने धावतात, त्यामुळे किनाऱ्यावरचे दिवे त्यांना समुद्राऐवजी उलट्या बाजूला नेतात. म्हणून मीही टॉर्च बंदच ठेवला.

फटफटलं तेव्हा वाळूवर एक रुंद माग दिसला. पाण्यातून वर आलेला, सुरूच्या अलीकडे थोडी वाळू उकरलेली, आणि तिथून पुन्हा पाण्याकडे गेलेला. मादी येऊन गेली होती. मी दूरच बसून राहिलो. थोड्या वेळाने वनखात्याचे दोघं आले, वाकून माग बघितला आणि हातांनी हलकेच वाळू बाजूला करायला लागले.