ग्लॉकेनस्पील दुरुस्ती, नोंद तिसरी : चढा सूर आणि काळी पाच

मटण स्ट्रीटवरच्या चोर बाजारातून आणलेले छोट्या हातोड्यांनी वाजवायचे २५ पोलादी पट्ट्यांचे हे वाद्य जागोजागी बेसूर आहे, असे मी मागच्या नोंदीत लिहिले होते. ते विधान मागे घेतो. ट्यूनर अ‍ॅपवर प्रत्येक पट्टी दोन स्वरांच्या मधोमध लोंबकळत होती. एका आघाताला चढा सी, तर पुढच्याला उतरलेला सी शार्प, असे उत्तर येई आणि मी दोष गंजाला देत होतो. सगळी मोजमापे कागदावर एकाखाली एक मांडली, तेव्हा २१ पट्ट्या ए=४४० हर्ट्झ या आजच्या प्रमाण सुराच्या मानाने ४६ ते ५० सेंट (सी ते सी शार्प या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट), म्हणजे जवळजवळ सारख्याच, चढ्या असल्याचे दिसले. ब्रिटनमधले जुने चढे माप ए=४५२.५, म्हणजे ४४० पेक्षा सुमारे ४८ सेंट वर, आणि तिथल्या लष्करी बँडांनी ते १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत वापरले. पट्ट्यांवर किंवा खोक्यावर कारखान्याचा ठसा नाही, तरी वाद्य कोणत्या मापाला लावले होते याविषयी मला आता शंका उरलेली नाही.

सगळ्या पट्ट्या ४४० वर उतरवायच्या, तर प्रत्येकीचे पोट खालून कानशीने पातळ करावे लागेल, आणि काढलेले पोलाद परत लावता येत नाही. पेटीच्या साथीला हे वाद्य चालणार नाही, ही अडचण मी स्वीकारली आहे. काम उरले ते या मापात न बसणाऱ्या चार पट्ट्यांचे.

त्या चारही पट्ट्या इतरांहून ९ ते १४ सेंट खाली होत्या. गंजाच्या पापुद्र्याला वजन असते, पण ताठपणा नसतो, त्यामुळे तो सूर उतरवतो. म्हणून कानस हाती घेण्याआधी तेल आणि बारीक स्टील वूल यांनी पट्ट्या साफ केल्या आणि पुन्हा मोजल्या. दोन पट्ट्या तेवढ्यानेच जागेवर आल्या. आम्लाच्या द्रावणात बुडवण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला होता, पण निकेलचा मुलामा जिथे आधीच फुटला आहे तिथे आम्ल आत शिरून पोलाद खाते, म्हणून मी तो मानला नाही.

उरलेल्यांपैकी खालच्या सप्तकातल्या काळी पाचने, म्हणजे ए शार्पच्या पट्टीने, मला चांगलेच दमवले. ही पट्टी सुमारे १५० मिमी लांब आहे. सुराची कंपनसंख्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे १० सेंट चढवायला लांबी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी घटवावी लागते. नागदेवी स्ट्रीटवरून आणलेल्या बारीक कानशीने मी दोन्ही टोके घासत गेलो आणि दर दहा-बारा हातांनंतर मोजत गेलो. चूक तिथेच झाली. घासल्याने पट्टी तापते, आणि पोलाद १० अंशांनी तापले की सूर सुमारे २ सेंट उतरतो. गरम पट्टीवर सूर बरोबर जुळला म्हणून मी समाधानाने थांबलो, आणि सकाळी तीच पट्टी ४ सेंट चढी निघाली. मग पोटाखाली मधोमध अगदी हलके घासून ती उतरवावी लागली. आता प्रत्येक घासणीनंतर पट्टी फरशीवर ठेवून अर्धा तास थांबतो. मोजमाप रात्री बारानंतर, गिरगावातली रहदारी ओसरल्यावर, आणि आघात नेहमी पट्टीच्या मध्यावर. तिथे दुसऱ्या कंपनाची गाठ, म्हणजे न हलणारी जागा, पडत असल्याने मूळ सुराच्या २.७६ पट उंचीचा तो उपस्वर दबतो आणि अ‍ॅप फसत नाही.

पट्ट्यांचा नाद लवकर विझत होता, त्याचे कारण मात्र वेगळेच निघाले. आधीच्या कोणीतरी पट्ट्यांखालचा आधाराचा कुजलेला नमदा (दाबलेल्या लोकरीचे जाड कापड) काढून रबराच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, त्याही टोकांच्या फार जवळ. आधार मूळ सुराच्या गाठीवर, टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर, म्हणजे काळी पाचसाठी ३३ ते ३४ मिमीवर, हवा. पडताळ्यासाठी पट्टीवर रांगोळी भुरभुरवून टिचकी मारली, तर कण नेमके तिथेच दोन रेघांत जमले. (पुस्तकी प्रयोगात मीठ वापरतात, मुंबईच्या हवेत पोलादावर मीठ टाकायची माझी छाती झाली नाही.) पेटी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरांकडून लोकरीचा नमदा मिळाला आहे आणि सात पट्ट्या त्यावर बसवून झाल्या आहेत. त्यांचा नाद आता दुप्पट टिकतो.

पावसाळ्यापुरता पट्ट्यांवर मेणाचा पातळ हात दिला असून खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आहेत. मेणाने सूर हलतो का, हे आठवडाभर रोज मोजतो आहे. अजून अर्ध्या सेंटचाही फरक दिसलेला नाही. उरलेल्या १८ पट्ट्यांचा नमदा पुढच्या रविवारी.