एकच नाव, दोन रकाने

जुनी मृत्युपत्रे वाचून देणे हा माझा लंडनमधील व्यवसाय. जमैकात उसाचे मळे आणि इंग्लंडातही मालमत्ता असणाऱ्या अनेक कुटुंबांची मृत्युपत्रे कँटरबरीच्या धर्मन्यायालयात नोंदवली जात, आणि त्या नोंदवह्यांच्या प्रती आज क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. एका निवृत्त परिचारिकेने मला असेच एक मृत्युपत्र वाचायला दिले. 1833च्या कायद्यानंतर ब्रिटिश सरकारने गुलामांच्या मालकांना जी 2 कोटी पौंडांची भरपाई दिली, तिच्या दावेदारांत बाईंना आपलेच आडनाव दिसले होते.

मृत्युपत्र 1770च्या दशकातले होते. मळा औरस मुलीला. आणि घरातल्या गुलाम स्त्रीपासून झालेल्या, ‘माझा म्हणून समजल्या जाणाऱ्या’ मुलाला स्वातंत्र्य व नेमके 2,000 पौंड. हा आकडा बापाच्या मायेने ठरवलेला नव्हता. जमैकाच्या विधिमंडळाने 1761 मध्ये कायदा करून मिश्रवंशीय अनौरस संततीला मृत्युपत्राने यापेक्षा अधिक देण्यास मनाई केली होती. जमीन गोऱ्यांच्या हातून जाऊ नये, ही त्यामागची भीती. ज्याची ओळख असे, तो विधिमंडळाकडून खास सूट मिळवी.

पुढच्या पानावर मात्र मी अडखळलो. मुलाची आई मुक्त झालेली नव्हती. ती ‘तिच्या पुढील वाढीसह’, म्हणजे पुढे होणाऱ्या मुलांसह, त्याच औरस मुलीच्या वाट्याला गेली होती. मी टिपणे मराठीत काढतो. इनामाच्या सनदांतले ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ हे शब्द पेनाच्या टोकाशी आले आणि तिथेच थांबले, कारण सनदेत वंश उपभोग घेणाऱ्याचा असतो, येथे तो उपभोगाच्या वस्तूचा होता. गाईगुरांच्या वाढीसाठी वापरला जाणारा इंग्रजी शब्दच येथे माणसांसाठी होता. मूल आईच्या स्थितीत जन्मते, असा तेथला नियम. म्हणजे मुक्त झालेल्या मुलाची पाठची भावंडे त्याच्या सावत्र बहिणीची मालमत्ता होणार होती.

मुलाचे स्वातंत्र्यही लगेच हाती येणारे नव्हते. आधी मृताची देणी फिटायची, आणि हे मळे बहुधा कर्जात बुडालेले असत. जेथे स्त्री दुसऱ्याच्या मालकीची असे, तेथे विलंब आणखी वाढे. 1786 मध्ये वारलेल्या थॉमस थिसलवुड या जमैकातील मळेवाल्याने तीस वर्षांहून अधिक काळ आपल्याबरोबर राहिलेल्या फिबा या गुलाम स्त्रीला तिच्या मालकाकडून सोडवावे असे लिहून ठेवले होते. प्रत्यक्षात ती 1792 मध्ये मुक्त झाली.

माझ्या तक्त्यात ‘वारस’ आणि ‘मालमत्ता’ असे दोन रकाने असतात. मुलाचे नाव मी दोन्हींत लिहिले. बाईंनी तक्ता बराच वेळ पाहिला, आणि मग आईच्या नावाचे पान तेवढे वेगळे छापून मागितले.