‘ओन्ली’ची जागा

सहली, स्नेहसंमेलनं, कबड्डीच्या ढाली यांबद्दल माझे सोबती या स्मरणिकेत भरभरून लिहितीलच. मला लिहायचंय ते इंग्रजीच्या तासाबद्दल, आणि त्यातही ओन्ली, हार्डली, बेअरली, नॅरोली या चिमुकल्या शब्दांबद्दल. व्याकरणाची पुस्तकं त्यांना ‘क्रियाविशेषण’ म्हणून एका ओळीत उरकतात. आमच्या सरांनी त्यांच्यासाठी तासच्या तास दिले, आणि ते फार योग्य केलं असं माझं ठाम मत आहे.

आम्ही मराठी माध्यमाची मुलं, एबीसीडी पाचवीत शिकलेली. मी आठवीत गेलो तो १९८३ चा जून. पुस्तकांना कव्हरं घालून व्हायची होती आणि भारताने विश्वचषक जिंकला. शनिवारी अंतिम सामना झाला, सोमवारी सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं : ‘इंडिया स्कोअर्ड ओन्ली १८३.’ आणि विचारलं, “यातला ओन्ली कोणाचा?” कुणालाच सांगता येईना. सर म्हणाले, “१८३ धावफलकाचे. ओन्ली बोलणाऱ्याचा.” आपला डाव संपला तेव्हा जो तो हळहळत ‘ओन्ली १८३’ म्हणत होता. वेस्ट इंडीजचा डाव १४० वर आटोपला आणि तेवढ्याच धावा पुरून उरल्या. हा शब्द वस्तू मोजत नाही, बोलणाऱ्याची अपेक्षा सांगतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पण खरी मजा पुठ्ठ्यांच्या तासाला आली. सरांनी वह्यांच्या जुन्या पुठ्ठ्यांवर शब्द लिहून आणले होते : शी, गेव्ह, मी, टेन, रुपीज. पाच जणांना पुठ्ठे देऊन वर्गापुढे ओळीत उभं केलं. सहावा पुठ्ठा ओन्लीचा. तो त्यांनी वर्गात कधीच न बोलणाऱ्या एका मुलीच्या हातात दिला आणि तिला सांगितलं, “तू हवी तिथे उभी राहा. अर्थ वर्ग सांगेल.” ती ‘शी’च्या आधी उभी राहिली. आम्ही ओरडलो, “तिनेच दिले!” ‘मी’च्या आधी गेली, “मलाच दिले!” ‘टेन’च्या आधी शिरली, “दहाच दिले!” मग ती ‘गेव्ह’च्या आधी जाऊन थांबली आणि आमच्यात भांडण जुंपलं. ‘दिलेच’ म्हणावं तर ‘दिल्याशिवाय राहिली नाही’ असा भलताच अर्थ निघतो. सरांनी भांडू दिलं. मग सांगितलं, की इंग्रज माणूस बोलताना ओन्ली बहुतेक वेळा इथेच ठेवतो, कारण जोर कशावर आहे ते त्याच्या आवाजातून कळतं. कागदाला आवाज नसतो, म्हणून लिहिताना ज्याला बांधायचं त्याच्या शेजारीच ओन्ली ठेवा.

आपला ‘च’ त्या शब्दालाच चिकटतो, त्यामुळे मराठीत असा घोटाळा सहसा होत नाही. मात्र आपला ‘च’ दोन कामं करतो : एक ‘फक्त’चं, दुसरं नुसतं ठासून सांगण्याचं. ओन्लीकडे यातलं पहिलंच काम आहे. आपण ‘कालच आलो’साठी ‘आय केम येस्टरडे ओन्ली’ म्हणून जातो त्याचं मूळ इथे आहे, हे इतकं स्वच्छ मला पुढे कुणीही समजावलं नाही.

हार्ड आणि हार्डली हे तर ठरलेलं प्रकरण. ‘फार्मर्स वर्क हार्डली’ असं निबंधात आलं की सर पेन खाली ठेवून म्हणायचे, “शेतकरी काम करतच नाही म्हणतोस?” हार्डलीत नकार लपलेला असतो, म्हणून त्याच्या मागे ‘नॉट’ लागत नाही आणि क्वेश्चन टॅग होकारार्थी येतो : ‘ही हार्डली स्पीक्स, डझ ही?’ ‘हार्डली’ला ‘व्हेन’ आणि ‘नो सूनर’ला ‘दॅन’ हे तर आम्हाला झोपेतही आलं असतं. स्टँडवर पोचतो न पोचतो तोच सुटणारी एसटी हे त्याचं कायमचं उदाहरण.

बेअरली आणि ऑलमोस्ट यांच्यासाठी सरांनी उंबरठा वापरला. ऑलमोस्ट म्हणजे पाय उंबरठ्याच्या बाहेर, बेअरली म्हणजे आत. ३५ गुणांना बेअरली पास, ३४ ला ऑलमोस्ट पास, म्हणजे नापास. नॅरोली मात्र दोन्हीकडे चालतो. १९८४ साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं, तेव्हा सरांनी ‘नॅरोली मिस्ड’ लिहिलं आणि बराच वेळ फळ्याकडेच पाहत राहिले. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० मतांनी पडलं, तेव्हाही मला पहिल्यांदा हाच शब्द आठवला.

मी पुढे बँकेत लागलो. चेकवर अक्षरी रकमेनंतर ‘ओन्ली’ किंवा ‘फक्त’ लिहायचं, ते पुढे कुणाला काही जोडता येऊ नये म्हणून. हे ग्राहकांना मी मनापासून समजावत आलो. मुदत ठेवीच्या अटी वाचताना तर सर शेजारी बसल्यासारखे वाटायचे. ‘इंटरेस्ट इज पेएबल ओन्ली ऑन मॅच्युरिटी’ म्हणजे व्याज मुदत संपल्यावरच मिळेल. तोच ओन्ली उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवा, ‘ओन्ली इंटरेस्ट इज पेएबल ऑन मॅच्युरिटी’, की मुदत संपल्यावर हाती फक्त व्याज आणि मुद्दलाचा पत्ता नाही. एखाद्या म्हाताऱ्या ठेवीदाराची आयुष्यभराची पुंजी त्या एका शब्दाच्या जागेवर उभी असते. म्हणून मी कुठलाही मसुदा आधी ओन्ली शोधत वाचत असे, आणि हाताखालच्या नव्या मुलांनाही तसंच वाचायला लावत असे.

आता शाळेत पहिलीपासून इंग्रजी आहे, मुलं आमच्यापेक्षा धीटपणे बोलतात, याचा मला आनंद आहे. आताच्या इंग्रजीच्या शिक्षकांना माझी एकच विनंती आहे : आठवीच्या वर्गाला पुठ्ठ्यांचा तो एक तास द्या, आणि सहावा पुठ्ठा वर्गात सगळ्यात कमी बोलणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात ठेवा. पुठ्ठे मी करून आणीन.