रंग सोडा, पाय मोजा

फुलपाखराचं कूळ ओळखायचं तर आधी पाय मोजा. फोटो कडेने घ्या. वरून काढला तर पाय दिसतच नाहीत. चारच पायांवर उभं असेल तर बहुधा निम्फॅलिडी कूळ, कारण यांची पुढची जोडी आखडून छातीला चिकटलेली असते. गोव्याच्या घाटातल्या रानात तरंगत जाणारं मलबार ट्री निम्फ यातलंच. प्लम ज्यूडीचा नर मात्र चकवतो: चालतो चारच पायांवर, पण कूळ रिओडिनिडी.

रंग किती फसवतो ते परसातल्या कढीपत्त्याजवळ पाहा. कॉमन मॉर्मनची एका रूपातली मादी थेट विषारी कॉमन रोझसारखी दिसते. पंख विसरा, अंग बघा. रोझचं लाल, मॉर्मनचं काळं. दोन्ही पॅपिलिओनिडी कुळातली, सहा पायांची, पण रोझच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात आणि मॉर्मनच्या लिंबू-कढीपत्त्यावर.

2023 साली सुमारे 2,300 जातींच्या डीएनएवरून वंशवृक्ष मांडला गेला. त्यानुसार सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी अमेरिका खंडांत, पतंगांमधूनच फुलपाखरं निपजली. म्हणून ‘पतंग की फुलपाखरू?’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. अमेरिकेतलं हेडिलिडी कूळ तर कित्येक वर्षं पतंगांतच मोजलं जात होतं.