साखर धुतली गेली, तरी पेशी मंदच

हृदयाच्या पेशी सुट्या करायच्या असतात त्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत कुणी कुणाला मधेच हाक मारत नाही. भूल दिलेल्या उंदराचं हृदय काढून बर्फगार द्रावणात टाकायचं, महाधमनीत बारीक नळी बसवून दोऱ्याने बांधायचं आणि लँगेनडॉर्फच्या जोडणीवर लटकवायचं. ऑस्कर लँगेनडॉर्फने १८९५ साली मांडलेली पद्धत आजही चालते. कॅल्शियम नसलेलं द्रावण वाहू लागलं की धडधड थांबते, मग कोलॅजिनेज हे विकर सोडलं की पेशींना धरून ठेवणारी जाळी विरघळते. खरी कसोटी त्यानंतर. सुट्या पेशींना कॅल्शियम परत द्यायचं ते टप्प्याटप्प्याने. एकदम दिलं तर त्या आवळून गोल होतात आणि मरतात.

त्या दिवशी दोन हृदयं होती. एक निरोगी उंदराचं, दुसरं स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेही केलेल्या उंदराचं. हे रसायन स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारतं. रक्तातली साखर चढते, उंदीर सारखं पाणी पितो, पिंजऱ्यातला भुसा रोज बदलावा लागतो. कोणतं हृदय कुणाचं हे मला कळू नये म्हणून पेशी काढायचं काम सहकाऱ्याकडे होतं. माझ्या हातात आल्या त्या ‘क’ आणि ‘ख’ लिहिलेल्या दोन कुप्या.

पेशींत फ्युरा-२ हे रंगद्रव्य भरलं. ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा प्रकाश आळीपाळीने टाकायचा आणि ५१० नॅनोमीटरच्या आसपास परतणारी चमक मोजायची. दोन्हींच्या गुणोत्तरावरून पेशीतलं कॅल्शियम कळतं. सेकंदाला एक विजेचा झटका सुरू केला. ‘क’मधली पेशी सुरेख होती: विटेसारखी लांबट, आडव्या रेघा स्पष्ट. प्रत्येक झटक्याला पडद्यावरची रेघ झपकन वर जायची आणि तशीच चटकन खाली यायची.

विश्रांतीत या पेशीतलं मुक्त कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पट कमी असतं. झटका आला की बाहेरून थोडं आत येतं, ते आतल्या साठ्याची दारं उघडतं, साठ्यातून लोंढा सुटतो आणि पेशी आकसते. मग ते सगळं परत उपसावं लागतं. उंदरात ९० टक्क्यांहून जास्त कॅल्शियम ‘सर्का’ नावाचा पंप साठ्यात परत नेतो, माणसात सुमारे ७० टक्के. उरलेलं बहुतेक सोडियमच्या बदल्यात पेशीबाहेर जातं. सर्काला कॅल्शियमच्या दर दोन आयनांमागे एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्ची घालावा लागतो. आकसण्याइतकीच सैल होण्यातही मेहनत आहे, आणि माणसाच्या हृदयाला ती दिवसाकाठी सुमारे १,००,००० वेळा करावी लागते.

‘ख’ची पेशी दिसायला तितकीच देखणी होती. रेघ वर गेली आणि उतरताना रेंगाळली. व्होल्टेज पडल्यावर विहिरीवरची मोटर जशी पाणी चढवते पण कूथत चढवते, तसा तो उतार होता. पूर्ण खाली पोचते न पोचते तोच पुढचा झटका. दुसरी पेशी घेतली, तिसरी घेतली, तेच.

हृदयरोग विभागातला एक निवासी डॉक्टर त्या दिवशी प्रयोग बघायला आला होता. तो पुढे सरकला आणि म्हणाला, “मॅडम, हे मी इकोवर रोज बघतो.” पंधरा-वीस वर्षं मधुमेह असलेले पेशंट जिना चढताना धापा टाकतात. अँजिओग्राफी स्वच्छ, पंपिंग ६० टक्के म्हणजे नॉर्मल, पण टिश्यू डॉपलर या इकोच्याच तपासणीत झडपेजवळच्या स्नायूचा सैल होण्याचा वेग कमी आणि डावा कर्णिका-कप्पा मोठा. “पंपिंग नॉर्मल म्हटलं की घरचे म्हणतात, हृदय चांगलंय, वजन वाढलंय म्हणून दम लागतो.” हे ऐकताना मला फार वाईट वाटलं. १९७२ मध्ये रुबलर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये अशाच चार मधुमेहींच्या शवविच्छेदनाचं वर्णन केलं होतं: हृदय निकामी, पण मोठ्या रक्तवाहिन्यांत त्याचं कारण सापडेना. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या दीर्घकालीन हृदय-पाहणीत मधुमेही पुरुषांत हृदय निकामी होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त आणि स्त्रियांत सुमारे पाचपट निघालं. आपल्या घरांतल्या बायका दम लागला तर आधी थोडं बसून घेतात, दवाखान्यात नंतर जातात. म्हणून तो पाचाचा आकडा मला विसरता येत नाही.

पण मला हलवून सोडलं ते वेगळ्याच गोष्टीने. ही पेशी आता गोड रक्तात नव्हती. दोन्ही कुप्यांत द्रावण एकच, साखर सारखीच, ना रक्तदाब, ना तुंबलेली धमनी. साखर केव्हाच धुऊन गेली होती आणि पेशी तरी मंदच होती. बिघाड तिच्या यंत्रणेत उतरला होता. मधुमेही उंदरांत सर्काचं काम घटतं आणि त्याला आवरून धरणाऱ्या फॉस्फोलॅम्बनचं पारडं जड होतं, हे अनेक ठिकाणी दिसलंय. शिवाय २०१३ मध्ये दाखवलं गेलं की जास्तीची साखर कॅल्शियमवर चालणाऱ्या एका किनेजला (दुसऱ्या प्रथिनांचं काम बदलणाऱ्या प्रथिनाला) रूपांतरित होऊन चिकटते, ते सतत चालू राहतं आणि साठ्याची दारं गळू लागतात.

शेवटी कॅफीन सोडलं. त्याने साठा एकदम रिकामा होतो आणि आत किती होतं ते कळतं. ‘ख’चं शिखर बुटकं आलं. साठाच पुरता भरत नव्हता. सहकाऱ्याने चिठ्ठी उघडली: ‘ख’ मधुमेही.

एका हृदयावरून निष्कर्ष निघत नाही, हे मी लगेच सांगितलं. डॉक्टरचं लक्ष पुढे होतं. “मग सर्काच वाढवता येणार नाही का?” मधुमेही उंदरांत तसं केल्यावर हृदय सुधारलं होतं. माणसांत, पंपिंग घटलेल्या २५० रुग्णांना विषाणूमार्फत सर्काचं जनुक देऊन पाहिलं. २०१६ मध्ये निकाल छापून आला, फायदा दिसला नाही. मात्र एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन या मुळात मधुमेहाच्या गोळ्यांनी पंपिंग टिकून असलेल्या रुग्णांचं रुग्णालयात भरती होणं कमी झालं, हे २०२१ आणि २०२२ च्या चाचण्यांत दिसलं.

जाताना त्याने विचारलं, “साखर आटोक्यात आणली तर ही पेशी परत चटकन सैल होईल?” उंदरांत इन्सुलिन दिल्यावर बरंच काही पूर्ववत होतं, पण उशिरा सुरू केलं तर किती परत मिळतं, हेच आम्हाला मोजायचं आहे. इन्सुलिन उशिरा सुरू केलेल्या गटाची पाळी पुढच्या आठवड्यात आहे. त्याने ड्युटी बदलून घेतली आहे.