छापलं किती ते कळलं, वाचलं कोणी?

एका ग्रंथालयाच्या स्मरणिकेसाठी 'दीडशे वर्षांपूर्वी मराठी माणूस काय वाचत होता' असा लेख द्यायचं मी कबूल केलं. अशा विषयाचं उत्तर वाङ्मयाच्या इतिहासात आयतं मिळतं. १८५७ चं 'यमुनापर्यटन', १८६१ ची 'मुक्तामाला', १८७४ पासूनची 'निबंधमाला'. नावं ओळीनं मांडली की लेख तयार. संपादकबाईंनी तो मसुदा परत पाठवला आणि समासात लिहिलं, "ही लिहिलेली पुस्तकं झाली. वाचली कोणी, कशावरून?" बाई आयुष्यभर इतिहास शिकवत आल्या आहेत, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

सुरुवात सरकारी कागदांपासून केली, कारण तिथे निदान आकडे असतात. १८६७ च्या २५ व्या कायद्यानं छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सक्तीची झाली. देशी भाषांत काय छापलं जातंय यावर नजर ठेवणं हा त्यामागचा एक हेतू. त्यातून मुंबई इलाख्याची यादी दर तिमाहीला निघू लागली: पुस्तकाचं नाव, लेखक, विषय, छापखाना, पानं, आवृत्ती कितवी, शिळाप्रेसवर (म्हणजे दगडावरून) की खिळ्यांनी छापलेलं, प्रती किती, किंमत किती. ब्रिटिश लायब्ररीनं अशा याद्या स्कॅन करून ठेवल्या आहेत. मराठी नावं रोमन लिपीत, आणि स्पेलिंग कारकुनाच्या मर्जीवर, त्यामुळे एकच पोथी वेगवेगळ्या रूपांत भेटत राहते. संगणकाच्या शोधावर विसंबून भागत नाही; पान न् पान डोळ्यांखालून घालावं लागतं.

ते घातलं की इतिहासातली मोठी नावं गर्दीत हरवतात. पंचांगं, क्रमिक पुस्तकं, आरत्या, लावण्या, स्तोत्रं यांची नुसती रांग. श्रीधराचे 'हरिविजय' (१७०२), 'पांडवप्रताप' (१७१२) आणि 'शिवलीलामृत' (१७१८) हे ग्रंथ लिहून दीड शतक उलटलं तरी पुन्हा पुन्हा छापले जातच होते. 'प्रती किती' या रकान्यापेक्षा मला 'आवृत्ती कितवी' हा रकाना विश्वासाचा वाटला. प्रती गोदामात पडून राहू शकतात. पण खप नसताना पाचवी आवृत्ती काढून पदरचे पैसे बुडवणारा छापखानेवाला मला तरी माहीत नाही.

मात्र प्रतींवरून माणसं मोजता येत नाहीत. बंगालीतल्या छापील पुस्तकांचा आढावा घेताना जेम्स लाँग या पाद्र्यानं १८५९ मध्ये एका पुस्तकामागे सरासरी दहा वाचणारे किंवा ऐकणारे धरले होते. तो आकडा मराठीला जसाच्या तसा लावायचं धाडस मी केलं नाही, पण त्यातलं 'ऐकणारे' सोडताही येईना. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंना तुकोबांचे अभंग पहिल्यांदा भेटले ते कोल्हापुरात, कीर्तनातून. ओव्यांचे हे सगळे ग्रंथ एकानं वाचायचे आणि घरादारानं, आळीनं ऐकायचे. त्या आळीची नोंद सरकारी यादीत कशी येणार?

मग एका जुन्या वाचनालयाचं देवघेव रजिस्टर मिळालं, आणि सगळ्यांत जास्त वेळ तिथेच गेला. उघडताना वाटलं, आता घबाड हाती लागलं. आत सभासदाचं नाव, तारीख, सही आणि एक क्रमांक. पुस्तकाचं नाव कुठेच नाही. तो क्रमांक म्हणजे दाखलअंक. त्याचं पुस्तक कोणतं हे दाखल रजिस्टरात असतं, आणि त्या काळातलं दाखल रजिस्टर केव्हाच वाळवीनं संपवलेलं. ग्रंथपालांनी तोडगा सुचवला: जुन्या कपाटातल्या पुस्तकांवर अजून तेच दाखलअंक आहेत, उलटीकडून जुळवा. म्हणून कपाटातलं एकेक पुस्तक काढायचं, आतल्या शिक्क्याजवळचा आकडा टिपायचा आणि रजिस्टरात तो शोधायचा, असं सुरू केलं.

जुळलेल्या पुस्तकांत एक गोष्ट लवकरच डोळ्यांत भरली. जी पुस्तकं कपाटात शाबूत होती, ती रजिस्टरात क्वचितच दिसत. आणि जे क्रमांक आठवड्याआड बाहेर गेलेले, त्यांची पुस्तकं कपाटात नाहीत. हाताळून हाताळून शिवण उसवली, पानं गळाली, कधीतरी ती बाद झाली. म्हणजे जे जास्त वाचलं गेलं ते ओळखण्याची सोय त्या वाचण्यानंच नाहीशी केली होती. पंचांगांचं आणि शाळेच्या पुस्तकांचंही हेच. वर्ष सरलं की पंचांग टाकून द्यायचं, इयत्ता सरली की पुस्तक धाकट्याकडे, तिथून रद्दीत. दुर्मीळ ग्रंथांच्या कपाटात कोरीकरकरीत दिसणारी जुनी प्रत पाहिली की आता मला आदराऐवजी शंकाच येते.

रजिस्टरातली नावं बहुतेक सगळी पुरुषांची. पुस्तक घरी गेल्यावर कोणाच्या हातात पडलं, ते सहीवरून कळत नाही. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत (१९१०) त्या इंग्रजी शिकू लागल्यावर घरातल्या बायकांनी किती टोमणे मारले ते आहे. अशा घरांमधून बाईनं सही करून पुस्तक नेलं नसेल यात नवल नाही.

हस्तलिखित पोथ्यांचा विचार शेवटी केला. मध्ययुगीन युरोपातल्या प्रार्थनापुस्तकांवरचा मळ कॅथरिन रूडी या अभ्यासिकेनं डेन्सिटोमीटर नावाच्या यंत्रानं मोजला. जे पान जास्त मळकं, त्यावर बोटं जास्त फिरली, असा हिशेब. आपल्या पोथ्यांना तो सरळ लागू होत नाही. पानावर हळदकुंकू दिसलं तर ते पूजेचं असतं, आणि वर्षानुवर्षं पूजली गेलेली पोथी वाचायला एकदाही सोडली गेली नसेल असंही होऊ शकतं. त्यापेक्षा लेखनिकानं शेवटी लिहिलेला मजकूर बोलका. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जप, मूर्खाच्या हाती देऊ नकोस, असं पुस्तकच सांगतंय, असा एक संस्कृत श्लोक कितीतरी पोथ्यांत सापडतो. पोथ्या मागून नेल्या जात होत्या, आणि परत येताना त्यांची दशा होत होती, याचा याहून सरळ पुरावा कोणता हवा? एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली तीही पाठांतरांनी, म्हणजे नकलांमधल्या पाठभेदांनी, मूळ ग्रंथ अबद्ध (अशुद्ध) झाल्यामुळे. नकला करणारे आणि वाचणारे होते, म्हणूनच पाठ बिघडले.

लेखात 'सर्वाधिक वाचलेली पुस्तकं' असा तक्ता दिला नाही. छापलेलं, घरी नेलेलं आणि ऐकलेलं असे तीन भाग केले, आणि पहिल्या भागात पंचांग सर्वांत वर ठेवलं. स्मरणिका समितीतल्या एका काकांनी आक्षेप घेतला, "पंचांग काय वाचायची गोष्ट आहे?" बाईंनी मुद्रितावरून मान वर न करता त्यांना विचारलं, "मग पाडव्याला तुमच्याकडे काय वाचतात हो?"