म्हैसमाळ सायकलवर: जॅकेटचं नंतर बघू, आत काय घालताय?

डिसेंबरात संभाजीनगरहून म्हैसमाळच्या डोंगरावर एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकल घेऊन जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, जॅकेट कोणतं घेऊ? जॅकेट कोणतंही घ्या. दौलताबादचा घाट सुरू झाला की ते कमरेला बांधलं जातं. दिवसभर अंगावर राहतो तो सगळ्यात आतला कपडा, म्हणजे बेस लेअर, आणि त्याच्याकडेच कोणी बघत नाही.

आम्ही चौघं होतो. मी पातळ पॉलिएस्टरचा लांब बाह्यांचा टॉप घातला होता, तर नांदेडच्या मैत्रिणीनं मेरिनो लोकरीचा. गल्लीतला एक कॉलेजकुमार घरच्या सुती बनियनवर जर्सी चढवून आला होता. चौथे आमचे परभणीकर, तेही आतून मऊ लव असलेल्या जाड थर्मलमध्ये. त्यांना दोष देता येत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा काही वर्षी 5 अंशांखाली उतरलाय, त्यामुळे थंडी म्हटली की ते लोक जाडच काढतात.

सकाळी सहाला निघालो तेव्हा 11 अंश होते आणि मिट्ट अंधार. या दिवसांत सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणून पुढचा-मागचा दिवा हवाच. मिटमिटा, शरणापूर फाटा, दौलताबाद. हा पट्टा बहुतेक सपाट आहे आणि गारठा इथेच सगळ्यात जास्त लागतो, कारण रात्रीची थंड हवा खोलगट भागात साचते. वर डोंगरावर जास्त थंडी असेल ही समजूत पहाटेपुरती तरी धरू नका. किल्ल्याजवळ रस्ता जुन्या तटाच्या दरवाजातून जातो. तिथे समोरून एसटी आली तर मुकाट्यानं बाजूला थांबायचं.

मग घाट. दहा मिनिटांत परभणीकरांचा चेहरा लाल झाला. जाड थर्मलचं काम ऊब धरून ठेवायचं. चढावर शरीर स्वतःच भट्टीसारखं तापलेलं असतं, मग ती ऊब जाणार कुठे? घाम सुटतो, कापड भिजतं, जाड असल्यामुळे वाळत नाही. खुलताबादला पोचेपर्यंत त्यांची पाठ पिळून काढण्यासारखी झाली होती.

खुलताबादला चहाला थांबलो आणि खरी गंमत तिथे झाली. आपल्याकडे दुपारी 28-29 अंश होणार असले तरी साडेआठला सावलीत वारा बोचतो. सुती बनियनवाला पोरगा कुडकुडायला लागला. चहावाले काका त्याच्याकडे बघून म्हणाले, "थंडी वाजू लाली का रे बाबा? काढ की ते वलं!" काकांनी एका वाक्यात सगळं शास्त्र सांगितलं. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं. सूत घाम पितं आणि सोडत नाही, म्हणून थांबलात की ते ओलं कापड अंगाला गार पडतं. कापसाच्या मुलखात राहून कापसाला नावं ठेवली की घरचेच ओरडणार, पण उन्हाळ्यात ओट्यावर बसायला सुती बनियन उत्तम आणि हिवाळ्यात घाट चढायला वाईट. मी त्याला एका टपरीवरून वर्तमानपत्र घेऊन दिलं. जर्सीच्या आत छातीवर ते पसरायचं, उतारावर वारा अडतो. सायकलवाल्यांची ही फार जुनी युक्ती आहे आणि खर्च चहापेक्षा कमी.

आता मुद्द्याचं, पॉलिएस्टर की मेरिनो? पॉलिएस्टर स्वतः जवळजवळ पाणी पीतच नाही, वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. घाम धाग्यांवरून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि वाऱ्यानं उडून जातो. लोकर उलटी वागते. स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा ती पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. म्हणून थांबल्यावर मेरिनो जास्त सुखाची. वासही फार कमी येतो. पॉलिएस्टरचा वास मात्र दुपारपर्यंत सगळ्यांना कळतो. पण मेरिनोला काही हजार मोजावे लागतात, पॉलिएस्टर काही शेकड्यांत येतं.

मेरिनो घेणार असाल तर आपल्या हवेला 150 जीएसएमचंच घ्या. जीएसएम म्हणजे चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, लेबलवर छापलेलं असतं. 200 आणि 250 हिमाचलसाठी राहू द्या. म्हैसमाळ शहरापेक्षा काहीशे मीटरच उंच आहे, म्हणजे दिवसा जेमतेम दोन-तीन अंशांचा फरक. तेवढ्यासाठी जाड कापड कशाला?

तरी मी स्वतः पॉलिएस्टरकडेच झुकतो, आणि त्याला कारण आहे कुसळं. म्हैसमाळच्या पठारावर गिरिजादेवीच्या मंदिराच्या पुढे डांबरी सोडून गुरांच्या वाटांना लागलात की डिसेंबरात दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत असतं. त्याची कुसळं मऊ, सैल विणीच्या लोकरीत अशी रुततात की मैत्रीण दुपारभर बाही उलटी करून एकेक उपटत बसली होती. घट्ट विणीच्या गुळगुळीत पॉलिएस्टरवर ती बरीचशी घसरून पडतात. जाळीदार बेस लेअर उन्हाळ्यात झकास, पण या गवतात नकोच. बाह्या मात्र लांब असू द्या, घाणेरी आणि बाभूळ हात सोलून काढतात. टायरमध्ये सीलंट, म्हणजे पंक्चर आतूनच बुजवणारं द्रव नसेल तर सराटे वेगळा हिशोब करतील.

माप घेताना टॉप अंगाला बसता हवा, आवळता नको. एमटीबीची जर्सी ढगळ असली तरी आतला कपडा ढगळ चालत नाही. कातडीला टेकला नाही तर घाम ओढणार कसा? दुकानात हँडल धरल्यासारखे पुढे वाका. पाठ उघडी पडली तर तो परत द्या. पाण्याची सॅक लावणार असाल तर खांद्यावरची शिवण बोटानं चाचपा. ऐन खांद्यावर जाड शिवण असेल तर पट्ट्याखाली ती दिवसभर घासते. शिवण काखेतून तिरकी गळ्याकडे गेलेली किंवा सपाट असलेली बरी. गळ्याला छोटी चेन असेल तर चढाला उघडा, उताराला लावा. ही चेन मला लोकर-पॉलिएस्टरच्या वादापेक्षाही महत्त्वाची वाटते.

खुलताबाद ते म्हैसमाळ साधारण 12 किलोमीटर, सगळा चढ. पाणी खुलताबादलाच भरून घ्या. वर टपऱ्या असतात, पण आडदिवशी त्यांच्या भरवशावर राहू नका. परत उतरण्याआधी पाच मिनिटं उन्हात उभे राहून पाठ वाळू द्या, मग बिनबाह्यांचं पातळ विंडचीटर चढवा. परभणीकरांनी थर्मल काढून नुसत्या जर्सीवर विंडचीटर घातलं आणि घाट आरामात उतरले.

घरी आल्यावर टॉप उलटा करून गार पाण्यात धुवा. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य अजिबात घालू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम ओढणं मंदावतं. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही, तेव्हा एकदा जास्त खळबळा. मेरिनो पिळू नका, सावलीत आडवं पसरा. आणि त्याआधी कुसळं काढा, नाहीतर ती घरच्या सगळ्यांच्या कपड्यांत जातात आणि मग पुढची परवानगी अवघड होते.